साडूंना समजेपर्यंत

न समजलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही आणि समजल्याशिवाय तिला सोडायचंही नाही, हा नियम माझ्या साडूंइतका कडक पाळणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि झालाच असेल, तर त्याच्या बायकोला माझा इथूनच नमस्कार. बाकीची माणसं मिक्सर आणतात आणि चटणी करतात. साडूंनी मिक्सर आणला तेव्हा त्यांच्या घरी पुढं कित्येक दिवस चटणी पाट्यावरच वाटली जात होती, कारण मिक्सर वर्तमानपत्रावर सुटा सुटा पडला होता आणि साडू त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. तो परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. मिक्सर फिरत होता, चटणीही होत होती, पण स्क्रू उरला कसा हे समजलं नव्हतं, म्हणून मिक्सर पुन्हा उघडला गेला. माझी मेहुणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिनं त्यानंतर नवा कुकर आणला तो थेट आमच्याकडं ठेवला. महिनाभर वापरून झाला, जुना दिसायला लागला, तेव्हा कुठं तो तिच्या घरी गेला.

ही खोड लग्नानंतरची नव्हे. ती घेऊनच ते बोहल्यावर चढले होते. आमचे सासरे देवळ्याचे, कांदा पिकवणारे, बोलायला मोकळे. ते हा प्रसंग सांगायचे तेव्हा इतक्या वर्षांनीही त्यांच्या कपाळाला घाम यायचा. गुरुजींनी संकल्प सोडताना नवऱ्या मुलाला 'मम' म्हणायला सांगितलं. नवऱ्या मुलानं नम्रपणे विचारलं की मम म्हणजे माझं हे ठीक आहे, पण नेमकं काय माझं, आणि ते मी कोणाला सांगतो आहे? गुरुजींनी समजावलं. त्यातून दुसरा प्रश्न निघाला. दुसऱ्यातून तिसरा. मांडवात पंगत बसायची खोळंबली, वाढपी भाताची पातेली घेऊन उभे राहिले, आणि शेवटी सासऱ्यांनी जावयासमोर हात जोडून "म्हना ना एकदाचं, जावईबापू" असं म्हटलं. जावईबापूंनी म्हटलं, पण सगळं लग्न पार पडल्यावर गुरुजींना बाजूला घेऊन उरलेलं विचारून घेतलं. ते गुरुजी पुढं देवळ्यात कुणाच्याही लग्नाला जाण्याआधी नवरा मुलगा कुठल्या गावचा, याची चौकशी करत असत म्हणे.

साडू दिसायला बुटके, अंगानं भरलेले. कायम सफारी, खिशात दोन पेनं, आणि घाम टिपायला कॉलरीत खोचलेला रुमाल. चालता चालता काही मनात आलं की ते रस्त्यात जिथं असतील तिथं थांबत. त्यांच्या तोंडी एकच वाक्य सतत असे: "इथपर्यंत समजलं. आता पुढं." डॉक्टरांनी त्यांना मूतखडा आहे असं सांगितलं तेव्हा कळवळणाऱ्या या माणसानं टेबलावरचा कागद डॉक्टरांपुढं सरकवला आणि चित्र काढायला लावलं. खडा कुठं तयार झाला, कुठून निघाला, कुठं अडला. दुखण्यानं डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तरी "इथपर्यंत समजलं, आता पुढं." बाहेर बसलेले पेशंट हळूहळू दारात जमा झाले आणि त्यांनीही ऐकलं. डॉक्टर नंतर मला भेटले तेव्हा म्हणाले की कॉलेज सोडल्यापासून इतकं नीट शिकवायची वेळ आपल्यावर आली नव्हती.

नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात. आधी स्टोअरमध्ये होते. नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्याला काचेची खोली आणि एसी मिळाला, आणि तो कोणाच्या गळ्यात घालायचा हा प्रश्न आला. तेव्हा स्टोअरच्या साहेबांनी साडूंचं नाव पुढं केलं. लोकांना वाटलं हुशारीची कदर झाली. खरी गोष्ट अशी की साडू साहेबांना रोज इतके प्रश्न विचारत की कॉम्प्युटरच्या निमित्तानं ही पीडा एका काचेपलीकडं जाईल, असा सुज्ञ विचार त्यामागं होता. साडू त्या खोलीत गेले आणि बरेच दिवस त्यांनी कॉम्प्युटर चालूच केला नाही. समोर बसून इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत राहिले. वरून विचारणा झाली तेव्हा म्हणाले, "चालू करायला एक मिनिट लागतं. चालू केल्यावर काय होतं ते समजायला वेळ लागणार." पण एकदा चालू केल्यावर तो त्यांच्या हातून कधी बंद पडला नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या दहाएक वर्षांत त्या एका खोलीचा विभाग झाला, साडू त्याचे प्रमुख झाले आणि हाताखाली चार माणसं आली.

आता या सगळ्यात मी कुठं आलो, ते सांगतो. समजण्याबद्दल साडूंचा आणखी एक पक्का सिद्धांत होता. आपल्याला समजलं असं वाटणं वेगळं आणि समजणं वेगळं. जे दुसऱ्याला सांगून त्याच्या डोक्यात शिरवता येत नाही ते आपल्याही डोक्यात शिरलेलं नाही, असं समजावं. त्यामुळं त्यांना कायम एक ऐकणारा लागे. ताई पोळ्या लाटत "हो, समजलं" म्हणायची. ऑफिसातली माणसं पहिल्या वाक्याला माना हलवायची. मी पडलो शाळामास्तर, मराठी शिकवणारा. न समजता "हो सर" म्हणणाऱ्या पोरांचा मला आधीच इतका राग की ते पाप माझ्या तोंडून होईना. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी मला फ्लॉपीवर अक्षरं कशी राहतात ते सांगितलं आणि मी सरळ म्हणालो की नाही समजलं. ताईनं कपाळावर हात मारून घेतला. साडूंचा चेहरा मात्र असा उजळला की जणू मी त्यांना लॉटरी लागल्याची बातमी दिली. तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की त्यांची स्कूटर आमच्या इंदिरानगरच्या घरासमोर उभी राहू लागली. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो, ते मला पाहुणे. "पाहुणे, जरा बसा," असं ते माझ्याच घरात मला म्हणत, आणि मी बसत असे.

दोन हजार सालानंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. कारखान्याच्या पुण्याच्या हेड ऑफिसनं एक नवं कपाट पाठवलं. फ्रिजपेक्षा उंच, काळं, आत ओळीनं डिस्क बसवलेल्या. तोवर प्रत्येक सर्व्हरच्या पोटात त्याची स्वतःची डिस्क असे. आता सगळ्यांचा डेटा या एका कपाटात राहणार होता आणि सर्व्हर तारेनं त्याला जोडले जाणार होते. बरोबर पुण्याहून एक इंजिनिअर आला. चुणचुणीत, गोड बोलणारा, घड्याळाकडं बघणारा. त्यानं भराभर स्क्रीनवर काहीतरी केलं आणि सांगितलं की कपाटातून असे 'लॉजिकल युनिट' कापायचे, त्यांना आम्ही लन म्हणतो, प्रत्येक लनला नंबर असतो, आणि ते सर्व्हरला द्यायचे. साडूंनी विचारलं, लन म्हणजे कुठली डिस्क? तो म्हणाला, कुठलीच नाही. मग लन कुठं असतो? तो म्हणाला, सगळ्यांत असतो. साडूंनी कॉलरीतला रुमाल काढून घाम पुसला. मग त्या इंजिनिअरनं एक वाक्य उच्चारलं, जे साडूंनी मला पुढं कितीतरी रविवार ऐकवलं: "सर, समजायची गरज नाही. फक्त नेक्स्ट, नेक्स्ट करत जा." माझ्या साडूंना कोणी आईवरून शिवी दिली असती तर ती एवढी लागली नसती.

पण प्रश्न फक्त अपमानाचा नव्हता. हेड ऑफिसच्या साहेबांनी पत्ते उघडे टाकले होते. येत्या दिवाळीनंतर ते स्वतः नाशिकला येणार होते. पुण्याच्या मदतीशिवाय हे कपाट सांभाळता येतं असं दिसलं तर विभाग नाशिकला राहील. नाहीतर सगळं पुण्याहून चालवायचं आणि इथली खोली बंद. साडूंना स्वतःला काही धोका नव्हता. ते पुन्हा स्टोअरमध्ये जाऊन बसले असते. पण ती चार माणसं पुण्याला जा नाहीतर घरी बसा, अशा कात्रीत सापडणार होती. त्यात एक बाई होत्या, त्यांचे यजमान नाशिकरोडला मास्तर आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एकानं नुकतंच पाथर्डी फाट्याला घर घेतलं होतं. साडू हे सांगताना नेहमीसारखे थांबले नाहीत, पेनशी खेळले नाहीत. म्हणाले, "मला लन समजला तर ही चार घरं हलणार नाहीत. एवढंच आहे." मग म्हणाले, "पाहुणे, जरा बसा."

पहिल्या रविवारी ते ताईचा मसाल्याचा डबा घेऊन आले. मोठा डबा म्हणजे कपाट, आतल्या वाट्या म्हणजे लन, एक हळदीची, एक जिऱ्याची, एक मोहरीची, ज्याची त्याला. फारच सोपं होतं. मी बघत राहिलो आणि मला शंका आली. मी म्हटलं, हळदीची वाटी भरली आणि जिऱ्याची अर्धी रिकामी आहे, तर जिऱ्यातली जागा हळदीला मिळेल का? नाही मिळणार, मधे वाटीची भिंत आहे. मग पूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या पोटात वेगळी डिस्क होती, त्याच्यात आणि ह्याच्यात फरक काय पडला? नाही समजलं. साडू बराच वेळ डब्याकडं बघत बसले. मग झाकण लावलं आणि चहा न घेता गेले. जिरं आमच्या सतरंजीवर सांडलं होतं ते माझ्या बायकोनं वेचलं आणि मला म्हणाली की हो म्हणायला तुमचं काय जातं?

पुढच्या रविवारी कापडाचा तागा आला, त्याच्या पुढच्या रविवारी ब्लॉकचा प्लॅन. दरवेळी मी कुठंतरी अडायचो आणि तिथंच ते अडलेले असायचे. ऑफिसात त्यांनी नेक्स्ट दाबायला ठाम नकार दिला होता. कपाट चालू होतं, दिवे लुकलुकत होते, आणि साडू त्याच्यापुढं स्टूल टाकून बसलेले असत. चार माणसं पाठीमागून आळीपाळीनं येऊन बघून जात. दिवाळी जवळ येत होती. माणूस थोडा वाळला, पण मागं हटायचं नावच काढीना. ताईनं एकदा माझ्या बायकोजवळ डोळ्याला पदर लावला. नेक्स्ट दाबून काम होत असेल तर दाबत का नाहीत, हे तिला कळत नव्हतं. साडूंचं म्हणणं असं की न समजता चालवलेली गोष्ट चालू असते तोवर तुमची असते. बिघडली की पुण्याची होते.

मग एका सकाळी त्यांच्या थोरल्या भावाचा मला फोन आला. साडू चार भाऊ, त्यांचा मळा शिलापूरला, भाजीपाला आणि फुलं, आणि चौघांत एक सामायिक विहीर. साडूंनी नोकरी धरली आणि त्यांच्या वाटचं रान दादाच करायचे. दादांचा आवाज पार पडलेला होता. "या बरं का पाहुणे लवकर. हा वाटणी मागतोय." मी चपला घालून निघालो तो थेट शिलापूर. बघतो तर विहिरीच्या काठाला सगळं कुटुंब उभं. दोघे धाकटे भाऊ तोंडं पाडून, त्यांच्या बायका पदर सावरून, साडूंबरोबर आलेली ताई बाजूला, आणि कठड्याला टेकून वाकून आत बघत असलेले सफारीतले साडू. झालं होतं ते एवढंच की सकाळी सकाळी येऊन त्यांनी दादांना विचारलं होतं, "दादा, या विहिरीत माझे चार आणे आहेत ना? मग माझं पाणी कुठलं, ते दाखव."

आता आमच्याकडं विहिरीतला हिस्सा आण्यांत सांगतात. सोळा आणे विहीर, चार भाऊ, प्रत्येकाचे चार आणे. पण जन्मात कधी पाण्याला न शिवलेल्या भावानं अचानक येऊन आपले चार आणे दाखव म्हटलं, तर त्याचा अर्थ कोणीही वाटणी असाच काढील. दादांनी तो काढला, आणि आधी ताईकडं संशयानं बघितलं, मग माझ्याकडं. साडू शपथेवर सांगत होते की मला पाणी नको, रान नको, मला फक्त समजून घ्यायचंय. ते ऐकून दादांचा संशय दुप्पट झाला, कारण वाटणी मागणारा माणूस सुरुवात नेहमी अशीच करतो. शेवटी मी मध्ये पडलो, कपाटाची सगळी कथा सांगितली, आणि दादा कठड्यावर बसले. रागही गेला नव्हता आणि हसूही येत होतं. म्हणाले, "अरे येड्या, पाण्यावर रेघ मारता येती का? चार आणे हायेत ते नावाचे. सगळं पाणी एकच. तुझ्या नावाला येवढं, याच्या नावाला येवढं, असं ठरलेलं. मोटार लावली की ज्याला त्याला वाटतं विहीर आपलीच हाय."

साडू उभे होते ते तसेच उभे राहिले. मग माझा दंड धरला. डिस्क कुठली, हे विचारायचंच नाही, ते म्हणाले. सगळ्या डिस्का मिळून एक विहीर. तिच्यातला एवढा हिस्सा ह्या सर्व्हरच्या नावाचा, असं फक्त ठरवायचं आणि त्याला नंबर द्यायचा. तो नावाचा हिस्सा म्हणजे लन. सर्व्हर बिचारा समजतो की आपल्याला आपली स्वतंत्र डिस्क मिळाली. एकाला कमी पडलं तर त्याचे आणे वाढवायचे, भिंत कुठं पाडायला नको. "समजलं का पाहुणे?" मी दोन क्षण तपासून बघितलं. खरंच समजलं होतं. मी हो म्हणालो. त्या माणसानं शिलापूरच्या मळ्यात, भावजयांच्या देखत, मला मिठी मारली. दादांनी एक जुडी कोथिंबीर आणि शेवंतीची फुलं दिली आणि निरोप घेताना माझ्या कानात विचारलं, "नक्की वाटणी नाय ना?"

इथं गोष्ट संपली असती तर साडू सुटले असते. पण विहीर डोक्यात भिनली आणि तिनंच घात केला. अकाउंट्स आणि स्टोअर ह्या दोन विभागांचे दोन सर्व्हर होते, आणि दोघांचंही जागा कमी पडते म्हणून सतत रडगाणं. साडूंनी विचार केला, भावाभावांत खळं सामायिक असतं, गोठ्यापुढचं अंगण सामायिक असतं, मग इथं भांडण कशाला? त्यांनी एक चांगला मोठा लन केला आणि तो एकच लन दोघांनाही दिला. मोठ्या मनानं दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही विभागांचं काहीही उघडेना. सामायिक म्हणजे काय हे भावांना ठाऊक असतं, सर्व्हरला नाही. प्रत्येकाला वाटत होतं की हे सगळं एकट्या आपलंच आहे, आणि दोघांनी मिळून रात्रभर एकमेकांच्या लिहिण्यावर लिहिलं होतं. नशिबानं साडूंनी आदल्या संध्याकाळी सगळं टेपवर उतरवून ठेवलं होतं, त्यामुळं कामं परत उभी राहिली. पण दिवसभर कारखाना खोळंबला, आणि बातमी पुण्याला पोचली. साहेबांचा फोन आला. साडूंनी काहीही झाकलं नाही. चूक माझीच, म्हणाले. का झाली ते अजून समजलेलं नाही, समजल्यावर कळवतो. 

मला खरं सांगायचं तर वाटलं की संपलं. त्या बाईंनी पुण्यात खोल्या बघायला कुणाला तरी सांगितलंही. साडू मात्र रविवारी वेळेवर आले आणि पुन्हा पहिल्यापासून विहीर सांगू लागले, कुठं चुकलं ते शोधायला. मला सगळं समजत होतं, त्यामुळं माझा काही उपयोग नव्हता. त्यांना ते फार लागलं.

त्याच सुमारास सासऱ्यांना नागबळी करायचा होता, म्हणून आम्ही दोघे जावई त्यांच्याबरोबर त्र्यंबकेश्वरला गेलो. गाडीतून उतरतो तोच चारपाच गुरुजींनी गराडा घातला, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: गाव कोणतं, आडनाव काय? सासऱ्यांनी देवळा म्हटलं, आडनाव सांगितलं, आणि काय गंमत, सगळे एकदम मागं झाले. एकानं बोट दाखवून सांगितलं की तुमच्या घराण्याचे पिढीजात गुरुजी पलीकडच्या आळीत, तिसरं घर. आम्ही चालू लागलो. साडू जिथं होते तिथंच थांबले होते. मी मागं वळलो तर ते त्या बोट दाखवणाऱ्या गुरुजींना अडवून विचारत होते की तुम्हीच आमचा विधी केला असता तर बिघडलं काय असतं? सासऱ्यांनी लांबूनच हाक मारली, "जावईबापू, आधी विधी व्हऊ द्या, मंग इचारा." पण गुरुजी शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "विधीचं काहीच बिघडलं नसतं हो. पण उद्या त्यांनीही तुम्हाला आपलं म्हटलं असतं आणि मीही. गावात येणारा प्रत्येक जण सगळ्यांना दिसतो. पण आपला नसेल त्याच्याकडं बघायचं नाही, हे ठरलेलं आहे. म्हणून तर इतकी घरं शेजारी शेजारी नांदतात."

विधी चालू असताना साडू सोवळ्यात बसले होते पण ओठ हलत होते ते मंत्रांनी नव्हे. परतीच्या वाटेवर त्यांनी मला सांगितलं. लन करून भागत नाही. तो कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये, हेही ठरवावं लागतं. कपाटानं प्रत्येक सर्व्हरला आधी गाव आणि आडनाव विचारायचं. ज्याचा लन त्याला दाखवायचा, बाकीच्यांना तो आहे हेसुद्धा कळू द्यायचं नाही. इंजिनिअरच्या पुस्तकात याच्यावर अख्खं प्रकरण होतं. साडूंनी ते वाचलंही होतं, पण कशासाठी ते न समजल्यामुळं पुढं सरकले होते. आयुष्यात एकदाच समजल्याशिवाय पान उलटलं, असं ते म्हणाले.

दिवाळीनंतर साहेब आले. साडूंनी त्यांच्यासमोर लन केले, वाढवले, ज्याचे त्याला दिले, दुसऱ्यापासून लपवले, एक सर्व्हर मुद्दाम बंद करून त्याचा हिस्सा दुसऱ्याकडं नेऊन दाखवला. मग साहेबांनी चुकीबद्दल विचारलं. साडूंनी शिलापूरच्या विहिरीपासून त्र्यंबकच्या आळीपर्यंत सगळं सांगितलं. साहेब मूळचे विदर्भातले, त्यांच्याही घरी सामायिक विहीर होती. ते जेवायची वेळ टळेपर्यंत ऐकत बसले. जाताना म्हणाले की विभाग इथंच राहील, चारी माणसं इथंच राहतील. फक्त एक. अशी कपाटं आता कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत जाणार, आणि ती नुसती चालवणारी नव्हे, समजणारी माणसं पुण्याला तयार करायची आहेत. त्यासाठी तुम्ही पुण्याला या. तुम्ही आलात तरच मला नाशिकचा विभाग ठेवण्याचं वर सांगता येईल.

साडू त्या रविवारी आले तेव्हा पाहुणे जरा बसा म्हणाले नाहीत. स्वतःच बसले. चार घरं न हलवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि आता हलायचं ते पाचवं घर होतं, त्यांचं. मी म्हटलं, नाही म्हणून सांगा. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर काय होईल ते मला समजलंय, पाहुणे. एकदा समजलं की मग काय करायचं?"  मला फार वाईट वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते हसले आणि ताईला अजून सांगायचंय, असं म्हणून उठले.

संक्रांतीनंतर ते पुण्याला गेले. ठक्कर बाजारच्या स्टँडवर चारी माणसं आली होती. बाई रडल्या. शिलापूरहून दादा भाजीची पिशवी घेऊन आले आणि तुझे चार आणे आहेत तिथंच आहेत म्हणून सांगून गेले. मी हात हलवत उभा होतो. त्यानंतरच्या रविवारी जेवण झाल्यावर मी आडवा पडलो आणि मला छान झोप लागली. उठल्यावर घर कसं सुनं सुनं वाटलं. बायको म्हणाली, फोन करा ना. मी म्हटलं, कामात असतील.

फोन त्यांचाच आला, बऱ्याच रविवारांनी. नवीन घर बरं आहे, ताईला पुण्याचं पाणी मानवलं, ऑफिसात मान आहे, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "पाहुणे, इथली पोरं फार हुशार आहेत. मी काही सांगितलं की पहिल्याच वाक्याला समजलं म्हणतात. वर्गात तीसतीस जण असतात. एकही जण 'नाही समजलं' म्हणत नाही." आवाजात तक्रार नव्हती. नुसतं सांगत होते. मी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं की सध्या नवीन काय चाललंय? ते आधी नको म्हणाले, फोनवर कशाला म्हणाले, आणि मग सुरू झाले. आता एका गावातल्या कपाटातला डेटा दुसऱ्या गावातल्या कपाटात जसाच्या तसा ठेवतात, लिहिलेलं अक्षर दोन्हीकडं उमटल्याशिवाय पुढचं लिहीत नाहीत, असं काहीसं होतं. त्यांनी ते फार सुंदर सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलून बोलून त्यांचं सांगणं किती स्वच्छ झालं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पहिल्याच खेपेला सगळं लख्ख समजलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

"समजलं का, पाहुणे?" त्यांनी विचारलं.

"नाही समजलं," मी म्हणालो. "पुन्हा पहिल्यापासून सांगा."